नरगुंदचे बाबासाहेब: दत्तकाची परवानगी नाकारली आणि संस्थान संपलं

हुबळीहून विजापूरच्या रस्त्याला लागलं आणि नवलगुंद मागे पडलं, की सपाट काळ्या रानात एकाएकी एक डोंगर उभा राहतो. आजूबाजूला डोंगररांग नाही, जंगल नाही. कापूस, जोंधळा आणि हरभऱ्याची रानं, आणि मधेच हा कातळमाथ्याचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी नरगुंद. पूर्वी धारवाड जिल्ह्यात होतं, १९९७ पासून गदग जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मंडळी बदामी-ऐहोळेला जातात, यल्लम्माला जातात, पण नरगुंदला मुद्दाम उतरणारा मराठी माणूस क्वचितच.

खरं तर या गावावर सुमारे दीडशे वर्षं एका मराठी घराण्याची सत्ता होती. त्या घराण्यातला शेवटचा पुरुष म्हणजे भास्करराव भावे. लोक त्यांना बाबासाहेब म्हणत. १२ जून १८५८ रोजी बेळगावात इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. कानडी मुलखात शाळकरी पोरालाही नरगुंदच्या बाबासाहेबांचं नाव माहीत असतं. मराठीत मात्र १८५७ म्हटलं की झाशी, कानपूर, ग्वाल्हेर आठवतं. आपल्या दारातलं नरगुंद राहून जातं.

डोंगर, किल्ला आणि भावे घराणं

नरगुंदचा किल्ला शिवाजी महाराजांच्या काळातला, १६७४ च्या सुमाराचा मानला जातो. जागा बघितली की तो इथे का बांधला हे वेगळं सांगावं लागत नाही. माथ्यावरून चहूबाजूला कोसभर मोकळं रान दिसतं. घोडेस्वारांची तुकडी येताना दिसली, की गावात येईपर्यंत दरवाजे लावायला भरपूर वेळ मिळे. उत्तरेला मलप्रभा, पलीकडे रामदुर्ग, पश्चिमेला सौंदत्ती, दक्षिणेला धारवाड. कर्नाटकातल्या मराठी फौजांच्या वाटेवरचं हे मोक्याचं ठाणं होतं.

भावे हे मूळचे कोकणातले चित्पावन. रामराव भावे यांच्यापासून नरगुंद आणि रामदुर्ग ही दोन्ही ठाणी या घराण्याकडे आली. कोकणातून आलेलं घराणं इथल्या काळ्या मातीत रुजलं. दरबारचे कागद मोडीत, घरात मराठी, आणि रयत, देसाई, गौडा, शानभोग यांच्याशी व्यवहार कानडीत. गावातलं व्यंकटेशाचं देऊळ हे भाव्यांच्याच काळातलं. आश्विनात तिथे मोठी जत्रा भरायची. राजघराणं मराठी, देव तिरुपतीचा आणि भक्त कानडी, असा हा मेळ होता. आजच्या सीमेच्या वादात असं काही असू शकतं हेच आपण विसरून गेलोय.

पहिला घाव: १७८५

बाबासाहेबांची गोष्ट समजायची तर आधी त्यांच्या जन्माच्या आधीची एक गोष्ट बघावी लागते. १७७८ च्या सुमारास हैदरअलीने हा मुलूख घेतला आणि नरगुंदवर खंडणी बसवली. हैदर गेल्यावर टिपूने ती वाढवली. त्या वेळचे अधिपती व्यंकटराव भावे होते. त्यांनी वाढीव रक्कम द्यायला नकार दिला आणि पुण्याकडे मदत मागितली. नाना फडणविसांचं म्हणणं होतं, की ठरल्यापेक्षा जास्त खंडणी मागायचा टिपूला हक्क नाही.

१७८५ साली टिपूच्या फौजेने नरगुंदला वेढा घातला. परशुरामभाऊ पटवर्धन मदतीला आले, पण वेढा कायमचा उठला नाही. किल्ल्यावर पाण्याची टंचाई झाली आणि शेवटी अटी ठरवून किल्ला खाली करावा लागला. त्या अटी पाळल्या गेल्या नाहीत. व्यंकटराव आणि त्यांचे कारभारी काळोपंत पेठे यांना कुटुंबांसह कैदेत नेण्यात आलं. पुढे पेशवे आणि निजाम यांनी मिळून टिपूवर स्वारी केली आणि १७८७ च्या तहात बदामी, कित्तूर यांच्यासोबत नरगुंद मराठ्यांकडे परत आलं.

म्हणजे हिशेबाच्या वादात हे गाव एकदा उद्ध्वस्त झालेलं होतं. ती आठवण बाबासाहेबांच्या घरात ताजी होती. आजोबा-पणजोबांच्या पिढीने काय भोगलं, हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती.

ग्रंथांचा शौकीन संस्थानिक

१८१० मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या काळात घराण्याची वाटणी झाली. नरगुंद एका शाखेकडे गेलं आणि रामदुर्ग दुसरीकडे. पेशवाई बुडाली तेव्हा दोन्ही शाखांनी इंग्रजांशी करार केले आणि आपापली संस्थानं राखली. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, नरगुंद अशी ही दक्षिण मराठा मुलखातली लहान-मोठी संस्थानं. सगळ्यांवर नजर ठेवायला एक पोलिटिकल एजंट असे.

वडील दादाजीराव यांच्यानंतर १८४२ मध्ये भास्करराव गादीवर आले. संस्थान छोटं, उत्पन्न बेताचं. पण हा माणूस शिकलेला, वाचणारा होता. त्यांच्या वाड्यात संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह होता. तीन ते चार हजार ग्रंथ असल्याचा उल्लेख इंग्रज अधिकाऱ्यांच्याच लिखाणात येतो. या भागातल्या संस्थानिकांमध्ये सगळ्यात हुशार कोण, तर नरगुंदकर, असं मत त्यांच्या विरोधात गेलेल्या अधिकाऱ्यांचंही होतं. छापखाने नुकते रुजत होते, एकेक पोथी हाताने नकलून घ्यावी लागे. त्या काळात एवढा संग्रह म्हणजे पैसा, वेळ आणि माणसं, तिन्हींचा खर्च.

एका कागदाची मागणी

बाबासाहेबांचा मुलगा वारला. वंश पुढे चालवायला त्यांना दत्तक घ्यायचा होता. हिंदू घरात ही रोजची रीत. पण संस्थानिकाचा दत्तक म्हणजे नुसता घरचा विधी नव्हता. इंग्रज सरकारने तो मान्य केला तर गादी राहणार, नाही केला तर संस्थान खालसा.

साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये याच कारणाने गेलं. पुढे झाशी आणि नागपूरही गेली. नरगुंदची परवानगीही नाकारली गेली. म्हणजे बाबासाहेब जिवंत असेपर्यंत गादी आणि डोळे मिटले की सगळं संपलं, असा तो निकाल होता. गंमत अशी, की शेजारच्या रामदुर्गच्या गादीवर बसलेले त्यांचे सावत्र भाऊ स्वतः दत्तक गेलेले होते आणि तो दत्तक इंग्रजांनीच पूर्वी मान्य केलेला होता. एका घराण्यात, मलप्रभेच्या दोन बाजूंना, एकाला चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही, हे कुणाला पटणार?

याच्या जोडीला इनाम कमिशन. धारवाड-बेळगाव भागात या चौकशीची सुरुवात फार आधी झाली होती. १८५२ च्या कायद्याने तिला दात आले. पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या इनाम जमिनींचे कागद दाखवा, नाहीतर जमीन सोडा, असा तो मामला. लढायांत, आगीत, वाळवीत गेलेले कागद कुठून आणायचे? देसाई, देशपांडे, कुलकर्णी, देवस्थानं, सगळेच हवालदिल झाले. नरगुंदच्या वाड्यातला राग या साऱ्या मुलखाच्या रागाचाच एक भाग होता.

हत्यारं जमा करा

१८५७ च्या मे महिन्यात उत्तरेत उठाव झाला. ३१ जुलैला कोल्हापुरात पलटणीने बंड केलं. सरकारने हत्यारबंदीचा कायदा आणला. परवान्याशिवाय शस्त्र ठेवायचं नाही. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडर लोकांनी नोव्हेंबरमध्ये हत्यारं द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांच्या गावावर फौज गेली, घरं जाळली आणि अनेकांना फासावर लटकवलं. हलगली नरगुंदपासून काही फार लांब नाही. ही बातमी तिथे पोचली असणारच.

तेव्हा पोलिटिकल एजंट असलेले सेटन-कार संस्थानिकांशी सबुरीने वागत. नरगुंदकरांशी त्यांचे संबंध बरे होते. १८५८ च्या मे महिन्यात कारभार बदलला. जनरल ले ग्रँड जेकब यांच्याकडे सूत्रं आली आणि त्यांच्या हाताखाली चार्ल्स मॅन्सन यांना नेमलं गेलं. मॅन्सन आधी इनाम कमिशनच्या कामावर होते. ज्या खात्याचं नाव काढलं तरी लोक बोटं मोडत, त्याच खात्यातला साहेब आता डोक्यावर आला. नरगुंदकडून तोफा आणि दारूगोळ्याची मागणी आधीच सुरू होती.

दक्षिणेत एकाच वेळी उठायचं, अशा हालचाली या भागात चालल्या होत्या. मुंडरगीचे भीमराव हे त्यातले प्रमुख. सरकारी नोकरीत मामलेदारी केलेला हा माणूस. पण लपवलेली हत्यारं उघडकीला आली आणि भीमरावांना वेळेआधीच उठावं लागलं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी डंबळचा खजिना लुटला आणि कोप्पळचा किल्ला धरला. ठरलेली वेळ चुकली ती चुकलीच.

सुरेबानची रात्र

मॅन्सन कोल्हापूरहून निघाले आणि कुरुंदवाडवरून रामदुर्गला आले. सोबत मोजके स्वार. रामदुर्गच्या अधिपतींनी, म्हणजे बाबासाहेबांच्या सावत्र भावाने, त्यांना नरगुंदहून आलेली पत्रं दाखवली आणि नरगुंदच्या वाटेने जाऊ नका असं सुचवलं. भावाने भावाचे कागद परक्याच्या हाती दिले. रामदुर्गची गादी पुढे टिकली, त्यात या गोष्टीचा वाटा किती, हे वाचकांनीच ठरवावं.

२९ मे १८५८ च्या रात्री मॅन्सन रामदुर्ग-नरगुंद वाटेवरच्या सुरेबान गावात थांबले. ते पालखीत झोपले होते. मध्यरात्री बाबासाहेब आपल्या माणसांसह चालून आले. मॅन्सन यांनी पिस्तूल झाडलं, एक जण जखमी झाला. पण पुढच्या काही क्षणांत त्यांना मारलं गेलं. त्यांचं डोकं कापून नरगुंदला नेलं आणि गावाच्या अगशीवर, म्हणजे वेशीच्या दरवाजावर, टांगलं.

ही गोष्ट सांगताना पुष्कळ जण इथे थोडं अडखळतात, आणि ते बरोबरच आहे. झोपलेल्या माणसावर रात्री चालून जाणं हे लढाईचं शौर्य नव्हे. मॅन्सन हे एका यंत्रणेचे चाकर होते, दत्तक नाकारण्याचा निर्णय त्यांचा एकट्याचा नव्हता. दुसरीकडे, बाबासाहेबांनी सगळे सरळ मार्ग आधी चालून पाहिले होते. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, वर्षं गेली. त्यांना हुतात्मा म्हणा की खुनी म्हणा, हा वाद त्या काळापासून आजवर चालू आहे. पण पंधरा-सोळा वर्षं गादीवर शांतपणे बसलेला, पोथ्या जमवणारा माणूस त्या रात्रीपर्यंत कसा पोचला, हे समजून घेतल्याशिवाय कुठलाच शिक्का मारता येत नाही.

चार दिवसांत सगळं संपलं

कर्नल माल्कम यांची फौज १ जूनला नरगुंदसमोर येऊन उभी राहिली. बाबासाहेबांची माणसं गावाबाहेर मैदानात आली. उघड्या काळ्या रानात इंग्रजांच्या घोडदळापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. गाव पडलं. दुसऱ्या दिवशी फौज डोंगरावर चढली तर किल्ला रिकामा होता. तिकडे कोप्पळला त्याच १ जूनला भीमराव लढताना मारले गेले. एकमेकांच्या भरवशावर उठलेली दोन ठिकाणं एकाच दिवशी बुडाली.

बाबासाहेब सहा साथीदारांसह निसटले होते. धारवाडचे पोलीस अधिकारी फ्रँक साऊटर यांनी माग काढला आणि २ जूनला तोरगलच्या जंगलात त्यांना पकडलं. तेव्हा ही मंडळी पंढरपूरला निघालेल्या यात्रेकरूंच्या वेशात होती. हेच साऊटर पुढे मुंबईचे पोलीस कमिशनर झाले आणि बरीच वर्षं त्या पदावर राहिले.

घरच्या बायकांची गत आणखी वाईट झाली. बाबासाहेबांच्या आई आणि पत्नी यांचे मृतदेह मलप्रभेत सापडले. १७८५ मध्ये किल्ला पडल्यावर घरच्या लेकीबाळींचं काय झालं, ही आठवण त्या घरात होती. त्या दोघींनी नदी का जवळ केली असेल, याचं उत्तर त्या जुन्या वेढ्यातही शोधावं लागतं.

बेळगावात खटला चालला. निकालाला दहा दिवसही लागले नाहीत. १२ जून १८५८ रोजी बाबासाहेबांना लोकांसमोर फाशी देण्यात आली. संस्थान खालसा होऊन धारवाड जिल्ह्यात गेलं. किल्ला पुन्हा कुणाला वापरता येऊ नये म्हणून त्याची तटबंदी पाडली. वाडा गेला, आणि वाड्याबरोबर तो ग्रंथसंग्रहही संपला. त्यात काय काय होतं याची यादी आज कुणाकडे असती, तर निदान नुकसान मोजता तरी आलं असतं.

तोच कागद, चार वर्षांनी

या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग पुढचा आहे. फाशीनंतर पाच महिन्यांत, १ नोव्हेंबर १८५८ ला, राणीचा जाहीरनामा निघाला. संस्थानिकांचे हक्क आणि मान राखू, असं आश्वासन त्यात होतं. वारस नाही म्हणून राज्य खालसा करण्याचं धोरण सरकारने गुंडाळलं. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांनी देशभरच्या संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. रामदुर्गलाही दत्तकाचा हक्क मिळाला आणि ते संस्थान १९४८ पर्यंत टिकलं.

बाबासाहेबांनी जो कागद मागितला होता, तोच कागद चार वर्षांत इतरांना मिळाला. तो देण्यात सरकारचं काहीच बुडत नव्हतं, हे सरकारनेच पुढे दाखवून दिलं. मधल्या काळात एक संस्थान, एक ग्रंथालय, दोन बायका, सुरेबानला मेलेले साहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं, नरगुंदच्या रानात पडलेले अनेक अनाम शिपाई, हे सगळं जमाखर्चातून वजा झालं.

आज नरगुंदला गेलं तर

रामदुर्गला भाव्यांच्या राज्याच्या खुणा जास्त दिसतात, कारण तिथलं राज्य आणखी नव्वद वर्षं चाललं. नरगुंदला बघणाऱ्याला डोळ्यांबरोबर थोडं मनही वापरावं लागतं. डोंगर आहे, त्यावर पडक्या तटाच्या खुणा आहेत. गावात व्यंकटेशाचं देऊळ आहे. सकाळी उन्हं चढायच्या आत डोंगर चढावा, सोबत पाणी घ्यावं आणि माथ्यावरून उत्तरेला बघावं. तिकडे मलप्रभा आणि सुरेबान. दक्षिणेचं रान म्हणजे धारवाडची वाट. १७८५ ला पाणी का संपलं आणि १८५८ ला मैदानात उतरलेली माणसं का टिकली नाहीत, हे पुस्तकापेक्षा त्या उंचीवरून लवकर कळतं.

गावाने आणखी एक नाव कमावलं ते आपल्या काळात. २१ जुलै १९८० ला मलप्रभा कालव्याच्या पट्ट्यातले शेतकरी पाण्याच्या सुधारणा कराविरुद्ध नरगुंदला रस्त्यावर उतरले. पोलिसांचा गोळीबार झाला, शेतकरी गेला. कर्नाटकातली शेतकरी चळवळ त्या दिवसापासून मोजली जाते आणि नरगुंदमध्ये दरवर्षी २१ जुलैला त्या दिवसाची आठवण काढतात. कानडीत नरगुंद आणि बंडाय हे शब्द जोडूनच येतात. बंडाय म्हणजे आपलं बंड. १७८५ ला वाढीव खंडणी, १८५८ ला नाकारलेला दत्तक, १९८० ला कर. तिन्ही वेळा वरून आलेल्या आकड्याला किंवा हुकमाला याच डोंगराखालच्या लोकांनी नाही म्हटलं.

शेवटच्या वेळी नाही म्हणणारे शेतकरी कानडी होते, आधीचे राजे मराठी. नरगुंदने त्यात फरक केलेला नाही. कोकणातून आलेल्या भावे घराण्यातल्या माणसाला त्या गावाने आपलं म्हणून ठेवलं, त्याची भाषा विचारली नाही. मराठीनेही त्याला विसरू नये, एवढीच अपेक्षा. बेळगावात १२ जून येतो आणि जातो, फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी याच शहरात एका मराठी संस्थानिकाचा जीव गेला, एवढं तरी घरच्या पोरांना सांगायला हरकत नाही. आणि बदामीला निघालेली गाडी तासभर नरगुंदला थांबवायलाही.